खिळा भाडेकरूचा, भिंत मालकाची

महिनाअखेरीचा दिवस असतो. खाली टेम्पो उभा असतो, अर्धे सामान चढलेले असते आणि वर रिकाम्या होत चाललेल्या घरात घरमालक एकेका खोलीतून फिरत असतो. दिवाणखान्याच्या भिंतीत भोके पडली आहेत, एसीच्या पाइपसाठी भिंतीला आरपार छिद्र पाडले आहे, गिझर तापत नाही, सोफ्याच्या हातावर चहाचा डाग आहे. भाडेकरूच्या हाती वेगळाच हिशेब असतो. ओट्याखालच्या ट्रॉल्या त्याने बसवलेल्या, माळ्याला दारे त्याने लावलेली, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या त्याच्या पैशांतून आलेल्या. घर बिघडवले असे एकाचे म्हणणे, तर घर राहण्याजोगे केले असे दुसऱ्याचे. दोघांच्या मध्ये अनामत रक्कम अडकलेली असते. ती संध्याकाळपर्यंत हाती आली नाही, तर भाडेकरूला नव्या घराचे डिपॉझिट भरता येत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत असे प्रसंग रोज घडतात. वरकरणी हा वाद खिळ्यांचा आणि डागांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ किल्ली हाती आली त्या दिवशीच्या कागदात असते. त्या दिवशी कुणी काही लिहून ठेवलेले नसते आणि निघण्याच्या दिवशी दोघेही आपापल्या आठवणींवर भांडतात. या भांडणात कायदा काय म्हणतो, हे पाहण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. घरात राहणारा माणूस भाडेकरू आहे की परवानाधारक?

बोलीभाषेत दोघांनाही भाडेकरूच म्हटले जाते. कायद्याला मात्र हे दोघे निराळे आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने जागेतील उपभोगाचा हक्कच भाडेकरूकडे जातो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात तसे काहीच जात नाही. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार ती केवळ जागा वापरण्याची परवानगी असते आणि जागेतील कोणताही हितसंबंध तिच्यासोबत येत नाही. पागडीच्या चाळीत तीन पिढ्या राहिलेले कुटुंब आणि वाकडच्या संकुलात अकरा महिन्यांसाठी आलेला संगणक अभियंता यांच्यातील खरा फरक हाच आहे.

हा फरक एवढा ठसठशीत होण्यामागे इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिले. त्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी भाडेकरूऐवजी परवानाधारक ठेवण्यास सुरुवात केली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी त्या एका तारखेची धास्ती अशी घेतली, की जागा रिकामी ठेवून कुलूप लावणे त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही भीती बऱ्याच अंशी दूर केली. त्याच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडायची असते. न सोडल्यास मालकाला दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदतीनंतर बसून राहणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

आता घराच्या सजावटीकडे वळू. जुन्या, संरक्षित भाडेकरूच्या बाबतीत कायदा कडक आहे आणि उदारही आहे. १९९९च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये जागा परत मिळवण्याची कारणे दिली आहेत. त्यांपैकी एक कारण म्हणजे मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत कायमस्वरूपी बांधकाम करणे. म्हणजे हौसेने उभारलेल्या एका भिंतीपायी भाडेकरू वडिलोपार्जित खोली गमावू शकतो. परंतु त्याच तरतुदीला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे आणि अनेक भाडेकरूंना त्याची कल्पनाही नसते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील उभा ओटा, दार, जाळीकाम, हवा खेळण्यासाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, हवा बाहेर टाकणारा झरोका आणि धुराडे ही कामे ‘कायमस्वरूपी बांधकामा’त धरली जात नाहीत. जेथे महापालिकेची परवानगी लागते तेथे ती घेतलेली असावी, एवढीच अट आहे. ही यादी वाचताना मुंबईतील चाळीची खोलीच डोळ्यांसमोर उभी राहते. एका खोलीचे पार्टिशन टाकून दीड खोली करणे, बसून होणारा स्वयंपाक उभ्या ओट्यावर आणणे या गिरणगावाच्या गरजा होत्या आणि त्या कायद्याच्या भाषेत उतरल्या आहेत. भिंत पाडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. इमारतीची मोडतोड करणे हे त्याच कलमानुसार जागा खाली करून घेण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते.

यादीत नसलेल्या कामाचे काय? माळ्यासाठी टाकलेली लोखंडी तुळई, फरशीवर उभी केलेली विटांची अर्धी भिंत, गच्चीवरील पत्र्याची शेड ही कामे कायमस्वरूपी की तात्पुरती, यावर लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे खटले चालले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये व्यंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईतील प्रकरणात या प्रश्नाचा विचार केला होता. बांधकाम जागेला कशा रीतीने आणि किती पक्के जोडले आहे, ते करण्यामागचा हेतू काय होता, मूळ इमारतीला इजा न करता ते काढता येते का, अशा अनेक बाजू तपासून प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीनुसार उत्तर शोधावे लागते. एकच एक मोजपट्टी नाही. स्क्रूने घट्ट केलेले कपाट आणि सिमेंटमध्ये चिणलेले कपाट दिसायला सारखे असले, तरी न्यायालयात त्यांची गत सारखी होत नाही.

परवानाधारकाला या उदार यादीचा आधार घेता येत नाही. कारण त्याचा संबंध करारनाम्याशी असतो आणि करारनाम्यात बहुधा एक ठरावीक वाक्य असते: मालकाच्या पूर्वलेखी संमतीशिवाय जागेत कोणताही फेरफार करू नये. त्यातून एक विचित्र चित्र निर्माण होते. गिरगावात नाममात्र भाडे भरणारा पागडीचा भाडेकरू मालकाला न विचारता एसी बसवू शकतो आणि पवईत महिन्याला लाखभर रुपये मोजणाऱ्याला भिंतीत ड्रिल फिरवण्यापूर्वी पत्र लिहावे लागते.

मालक अशी संमती लेखी द्यायला इतके का कचरतात, याचेही कारण कायद्यातच आहे. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० मध्ये असे म्हटले आहे, की परवान्यावर विसंबून परवानाधारकाने कायमस्वरूपी स्वरूपाचे काम केले आणि त्यासाठी खर्च सोसला, तर तो परवाना रद्द करता येत नाही. मुदत बांधून दिलेल्या आणि नोंदणी झालेल्या राहत्या घराच्या करारात या कलमाच्या जोरावर ठाण मांडून बसण्याची आशा परवानाधारकाने बाळगू नये. कलम २४ खालील कार्यवाहीत लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो. तरीही मालकाचा वकील सावध असतो. म्हणून तोंडी ‘करा की, आपलंच घर समजा’ असे म्हणणारा मालक कागदावर मात्र सही करत नाही. भाडेकरू त्या ‘आपल्या घरा’त चाळीस-पन्नास हजारांचे सुतारकाम करून घेतो आणि दोन वर्षांनी ते शब्द कुणालाच आठवत नाहीत.

स्वखर्चाने केलेले काम काढून नेता येते का? भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ हे स्पष्ट सांगते. करारात वेगळे ठरले नसेल, तर भाडेकरूला जागेला जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. मात्र त्या ताबा असेपर्यंतच काढायच्या आणि जागा मिळाली होती त्याच स्थितीत सोडायची. परवानाधारकाला परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यासाठी आणि आपले सामान हलवण्यासाठी वाजवी अवधी मिळतो, असे सुविधाधिकार कायद्याचे कलम ६३ सांगते. यातील ‘ताबा असेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. किल्ली दिल्यानंतर आठवडाभराने ट्रॉल्या न्यायला येणाऱ्याचे म्हणणे दुबळे होते. खोलीतच बांधून घेतलेले कपाट दारातून बाहेर निघत नाही, हा सुतारकामाचा भाग झाला. अशी कपाटे बहुधा मागेच राहतात आणि पुढच्या महिन्यात त्याच जागेची जाहिरात ‘सेमी फर्निश्ड’ म्हणून वाढीव भाड्याने लागते. केलेल्या सुधारणेची किंमत मालकाने द्यावी, असा सर्वसाधारण हक्क भाडेकरूला नाही. ती हवी असेल तर आधी ठरवून लिहून घ्यावी लागते.

घर आधीपासूनच सजवलेले असेल, तर वादाची दिशा उलटते. येथे वस्तू मालकाच्या असतात आणि झीज भाडेकरूच्या वापराने होते. १९९९च्या कायद्याने ‘जागा’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मालकाने वापरासाठी पुरवलेले फर्निचर आणि इमारतीला जोडलेल्या सोयी यांचाही समावेश आहे. त्यामुळे पलंग, कपाटे, पंखे हे घराबाहेरचे काही नसून दिलेल्या जागेचाच भाग ठरतात. ते जागेबरोबर परत करायचे असतात. पण कोणत्या अवस्थेत? भाडेपट्ट्याच्या कायद्याने दिलेले उत्तर शहाणपणाचे आहे. वाजवी वापराने होणारी झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीने झालेले नुकसान वगळून जागा मूळ स्थितीत परत करावी. परवान्याच्या बहुतेक करारांतही हेच शब्द असतात.

‘वाजवी झीज’ या दोन शब्दांत बहुतेक सगळे भांडण मावते. सूर्यप्रकाशाने पडद्यांचा रंग उडणे, पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन पोपडे धरणे, पाच वर्षे वापरलेल्या गादीला खळगा पडणे, गिझरची कॉइल क्षारांनी जाणे ही झीज झाली. मुंबईच्या दमट हवेत प्लायवुडचे दार फुगले, तर त्याचा दोष तेथे राहणाऱ्या माणसाकडे जात नाही. सोफ्यावर इस्त्रीचा चटका, काचेच्या टेबलाला तडा, न विचारता एका भिंतीला दिलेला गडद जांभळा रंग हे मात्र नुकसान होय. चित्रे टांगण्यासाठी मारलेले दोन-चार खिळे कुठे मोडतात, यावर अजूनही एकमत नाही. ते होईल असे वाटतही नाही.

नुकसान मान्य झाले तरी किंमत कशी लावायची, हा पुढचा मुद्दा. सात वर्षे वापरलेल्या सोफ्याच्या बदल्यात मालक नव्या सोफ्याचे बिल पुढे करतो. हे न्याय्य नाही. वस्तूचे वय आणि उरलेले आयुष्य लक्षात घेऊन तिची त्या दिवशीची किंमत धरली पाहिजे. शिवाय सजवलेल्या घराचे भाडे रिकाम्या घरापेक्षा अधिक असते, ते वस्तूंच्या वापरासाठीच. झिजेचा मोबदला दरमहा घ्यायचा आणि शेवटी पुन्हा वसूल करायचा, हे एकाच मालाचे दोनदा पैसे घेण्यासारखे आहे. रंगकामाचेही तेच. प्रत्येक भाडेकरू गेल्यावर घर रंगवावे लागतेच, असे गृहीत धरून एक महिन्याचे भाडे सरसकट कापण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे. ती करारात लिहिलेली असेल तर भाडेकरूने मान्य केलेली असते. लिहिलेली नसेल, तर तिला ‘वहिवाट’ म्हणून गळी उतरवता येत नाही.

भाड्याच्या मुदतीत बिघडलेली वस्तू कुणी दुरुस्त करायची, हा रोजच्या कटकटीचा विषय आहे. संरक्षित भाडेकरूसाठी कायद्याचे कलम १४ आहे. जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असून त्याने ते टाळल्यास, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. परवान्याच्या घरात पुन्हा करारच पाहावा लागतो आणि करार बहुधा मौन असतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात या जबाबदाऱ्यांची वाटणी सुचवली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा चुना, दारे-खिडक्यांचा रंग, नळजोडाचे पाइप आणि विजेचे मुख्य वायरिंग मालकाकडे. तर नळाचे वॉशर, गटार साफ करणे, गिझरची दुरुस्ती, बटणे व सॉकेट, कुलपे व मुठी, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात ही वाटणी बंधनकारक नाही. पण करार लिहिताना ती समोर ठेवून दोघांनी कमी-अधिक करायला काहीच हरकत नसावी. गिझर भाडेकरूच्या माथी मारणे अनेकांना खटकेल. ते बदलून घ्यावे.

काही मालक घराचा एक आणि फर्निचरचा दुसरा, असे दोन करार करतात. भाडे दोहोंत विभागले की मुद्रांक शुल्क थोडे वाचते, हा त्यामागचा हिशेब असतो. पण महाराष्ट्रात हे शुल्क मुळातच एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. त्यात बचत ती किती होणार? उलट घरभाड्यावर आयकरात मिळणारी ३० टक्क्यांची वजावट फर्निचरच्या भाड्याला मिळत नाही आणि वाद उद्भवलाच तर दोन कागदांवर दोन ठिकाणी भांडावे लागते. भाडेकरूच्या दृष्टीने धोका असा, की सोफ्याबद्दलचा अटीतटीचा मजकूर त्या दुसऱ्या, न वाचता सही केलेल्या कागदात दडलेला असतो.

करारनाम्याला वस्तूंची यादी जोडण्याची पद्धत आता रुळली आहे. ती यादी मात्र बहुधा ‘पंखे चार, एसी दोन, कपाटे तीन’ अशी असते. वस्तू आहे की नाही एवढेच त्यातून कळते. ती कोणत्या वर्षी घेतली, चालू आहे का, कुठे चरा गेला आहे, हे कळत नाही. आणि भांडण तर त्यावरच होते. किल्ली घेण्याच्या दिवशी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीची, कपाटांच्या आतल्या बाजूंसह, छायाचित्रे घ्यावीत. ती एकमेकांना ई-मेलने पाठवावीत म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. राहत असताना काही बसवायचे असेल, तर त्याच पत्त्यावर तीन ओळींचा मजकूर पुरतो: काय बसवणार, कुणाच्या खर्चाने, आणि जाताना ते काढून न्यायचे की ठेवायचे. बाहेरच्या बाजूचे ग्रिल किंवा एसीचे बाहेरील यंत्र असेल, तर सोसायटीची परवानगी मालकाच्या मार्फतच घ्यावी लागते. कारण सोसायटीचा सभासद तो असतो आणि तिची नोटीसही त्याच्याच नावे येते.

करार नोंदवलाच नसेल, तर पारडे भाडेकरूकडे झुकते, ही बाब मालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी असून त्याची नोंदणी झालेली असली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कपाटांचे पैसे परत देतो असे मालक म्हणाले होते’ हे वाक्य मग सहज उडवून लावता येत नाही. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

राहता राहिली अनामत रक्कम. परवान्याच्या घरासाठी ती किती घ्यावी, यावर महाराष्ट्राच्या कायद्यात मर्यादा नाही. आदर्श कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. बहुतेक करारांत ताबा आणि अनामत यांची देवाणघेवाण एकाच वेळी व्हावी, असे कलम असते. व्यवहारात मालक म्हणतो, ‘आधी किल्ली द्या, मग बघून सांगतो.’ चिडलेला भाडेकरू चार खुर्च्या आत ठेवून दाराला आपले कुलूप लावतो आणि पैसे मिळेपर्यंत किल्ली देणार नाही असे ठणकावतो. हा मार्ग त्याच्याच अंगाशी येऊ शकतो. मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाची दुप्पट दराने आकारणी सुरू होण्याचा धोका असतो आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढील प्रश्न प्रामुख्याने ताब्याचा असतो, सोफ्याच्या डागाचा नव्हे. त्यापेक्षा मुदत संपण्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच मालकाला घर दाखवावे, कपातीची यादी लेखी मागावी, जे मान्य नाही ते त्याच यादीवर लिहावे आणि वादग्रस्त रक्कम बाजूला ठेवून उरलेली रक्कम किल्लीच्या बदल्यात त्याच दिवशी घ्यावी. वादाची रक्कम मग पाच-सात हजारांची उरते. तेवढ्यासाठी वकिलाची नोटीस पाठवायची की दोघांच्या ओळखीच्या सोसायटीच्या सचिवाला मध्ये घालायचे, हे टेम्पो निघून गेल्यावर शांतपणे ठरवता येते.